देश चालवायला धंद्याचा अनुभव पुरतो का?

अंबड_टूलरूम (प्रश्न)

निवडणूक जवळ आली की एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास कानावर येतं, "देश एकदा एखाद्या कारखानदाराच्या हातात द्या, दोन वर्षांत रुळावर आणतो की नाही बघा." ज्याने पाचशे माणसांचा पगार महिन्याच्या सात तारखेला चुकवला नाही, त्याला देशाचा गाडा हाकता येईल, असा त्यामागचा हिशेब.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कंपनीचे हिशेब वाचणाऱ्याला सरकारचे हिशेब वाचता येतात का? माणसं आणि खरेदी हाताळण्याची कंपनीतली सवय तिथे चालते की आडवी येते? आणि जिथे हे खरंच करून पाहिलं तिथे काय झालं? पक्षांची भांडणं नकोत, त्याला दुसरे धागे आहेत.

लेखाशीर्ष_२०५३

हिशेबापासून धरतो. कंपनीचा ताळेबंद येण्यावर-देण्यावर चालतो. मशीन घेतलं की दरवर्षी घसारा, म्हणजे झिजेपोटीची घट, लागतो, माल गेला की पैसे यायच्या आधी विक्री धरली जाते. केंद्राचा हिशेब मुख्यतः रोखीचा. पैसा आला तर जमा, बिल कोषागारातून गेलं तर खर्च. पूल बांधला त्या वर्षी सगळा खर्च दिसतो, पुढे त्या पुलाची झीज कुठल्याच रकान्यात दिसत नाही. कारखानदार वित्तीय तूट पाहतो आणि तिला 'तोटा' समजतो. ती असते वर्षभरात काढावी लागणारी उसनवारी, आणि तिच्यातला बराचसा भाग रस्ते-रेल्वेत गेलेला असू शकतो.

आकडे बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. त्यातलं व्याजच १२.७६ लाख कोटी, म्हणजे रुपयातले चार आणे. हे व्याज 'भारित' खर्चात मोडतं, त्यावर संसदेत मतदानसुद्धा होत नाही. मग संरक्षण, पेन्शन, अनुदानं, राज्यांकडे जाणारा पैसा. केंद्राच्या वाटपयोग्य करातले ४१ टक्के तर आधीच राज्यांचे, वित्त आयोगाने ठरवलेले. 'फालतू खर्चाला कात्री लावतो' म्हणणाऱ्याच्या हाती कात्री येईपर्यंत कापायला कापड फार उरत नाही.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार की छापखाना आपल्या नाशिकरोडलाच आहे, छापा की नोटा. प्रेसला मागणी येते रिझर्व्ह बँकेकडून, अर्थमंत्र्यांकडून नाही. सरकारला लागेल तशी हुंडी काढून रिझर्व्ह बँकेकडून पैसे उचलायची सोय १९९७ ला बंद झाली. आता मर्यादित, परतफेडीची उचल मिळते. एप्रिल २००६ पासून सरकारचे नवे रोखे थेट विकत घ्यायलाही बँकेला वित्तीय जबाबदारी कायद्याने मनाई आहे, कायद्यातले अपवाद सोडून.

आता खरेदी. कारखान्यात कॉम्प्रेसर बंद पडला तर मालक फोनवर तीन कोटेशन घेतो, घासाघीस करतो, ॲडव्हान्स टाकतो, महिन्याच्या आत मशीन शॉपफ्लोअरवर. तीच गोष्ट सरकारी कामाची: दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या रकान्यात, तरतूद आहे का ते पाहणं, ई-निविदा, आधी तांत्रिक लिफाफा, तो पास झाला तरच दराचा लिफाफा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक, कोषागार. पहिल्या खेपेला तीनपेक्षा कमी निविदा आल्या की बहुधा मुदतवाढ. कुणी दर फारच खाली भरला तर जादा अनामत. एवढं सगळं कशाला? पैसा मालकाचा नाही, आणि टेंडर भरायचा हक्क मालकाला न आवडणाऱ्या ठेकेदारालाही आहे.

धंद्यातून आलेला मंत्री इथे हमखास एक चूक करतो. "मागवून घ्या, कागद नंतर बघू." अधिकारी मान डोलावतो आणि टिपणीत चार शब्द लिहितो: 'मा. मंत्री महोदयांच्या तोंडी निर्देशानुसार'. फाईल सहीला परत मंत्र्यांकडेच. सही केली तर चार-पाच वर्षांनी महालेखापालांचा आक्षेप आणि लोकलेखा समितीसमोर खुलासा. नाही केली तर काम जागच्या जागी. तिसरी वाट म्हणजे निविदेच्या मर्यादेखाली राहायला कामाचे तुकडे पाडायचे. लेखापरीक्षक सगळ्यात आधी तेच शोधतो.

राहिली माणसं. घटनेच्या ३११ व्या कलमामुळे कायम नोकरीतल्या सरकारी माणसाला, काही मोजके अपवाद सोडले तर, चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही. बदली करता येते. मग होतं असं की नको असलेला अधिकारी या खात्यातून त्या खात्यात जातो, पगार तोच. एचआरला सांगून शुक्रवारी संध्याकाळी हिशेब चुकता करायची सोय इथे नाही. आणि मला विचाराल तर नसावीच.

सातपूर_सीएनसी

सगळा नन्नाचा पाढा. मग आधार कुणी केलं? नंदन नीलेकणी इन्फोसिसमधूनच आले ना? वकील आणि मास्तर राज्य करतात तेव्हा त्यांना कोण विचारतं ताळेबंद वाचता येतो का म्हणून?

भद्रकाली_वाचनालय

आधारचं उदाहरण चांगलं आहे, आणि अर्धं तुमच्या विरोधात जातं. २००९ मध्ये नीलेकणी आधारच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नाशिक महसूल विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. सव्वा वर्षात हे जमलं कारण कामाची व्याख्या घट्ट ठेवली होती: नाव, पत्ता, जन्मतारीख, लिंग, दहा बोटं, दोन बुबुळं, एक फोटो. जात नाही, धर्म नाही, उत्पन्न नाही. नोंदणी एजन्सीला पैसे आधार तयार झाल्यावर नगावर, अर्ज भरला म्हणून नाही. ही शुद्ध कारखान्याची अक्कल आहे.

अडलं कुठे? संसदेत. २०१० चं विधेयक स्थायी समितीने २०११ मध्ये नाकारलं आणि कायदा आला २०१६ मध्ये, तोही दुसऱ्या सरकारच्या काळात. तोवर कोट्यवधी लोकांची बोटं घेऊन झाली होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांच्या वापराचं कलम उडवलं. नीलेकणी स्वतः २०१४ ला दक्षिण बंगळुरूतून उभे राहिले आणि दोन लाखांहून जास्त मतांनी पडले. त्याच मतदारसंघात २००९ ला एअर डेक्कन विमान कंपनीचे कॅप्टन गोपीनाथही पडले होते.

म्हणजे उद्दिष्ट एक, मुदत ठरलेली, मोजमाप साधं, तिथे उद्योजक सरकारी माणसाला मागे टाकतो. चिलीचे सेबास्टियन पिन्येरा बघा. क्रेडिट कार्डाच्या धंद्यातून मोठे झाले, लान विमान कंपनीत मोठा हिस्सा. मार्च २०१० मध्ये अध्यक्ष झाले, ऑगस्टमध्ये खाणीत ३३ कामगार अडकले. तीन वेगवेगळ्या यंत्रांनी तीन भोकं एकदम पाडायला घेतली, जे आधी पोचेल ते खरं. ६९ व्या दिवशी सगळे वर. हाच माणूस दुसऱ्यांदा अध्यक्ष असताना ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागोच्या मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं, ८०० चं ८३०. वाढ तज्ज्ञ मंडळाने सूत्राप्रमाणे काढलेली, कागदावर चोख. शाळकरी पोरांनी टर्नस्टाइलवरून उड्या मारल्या, स्थानकं पेटली, रस्त्यावर लष्कर आलं. वाढ मागे घेतली तरी लोक घरी गेले नाहीत. शेवटी संविधान बदलायचं का यावर जनमत घ्यावं लागलं. खाणीतल्या ३३ जणांना काय हवंय हे उघड होतं. रस्त्यावरच्या लाखोंना काय हवंय हे कुठल्याच सूत्रात नव्हतं.

दक्षिण कोरियाचे ली म्यंग-बाक ह्युंदाई कन्स्ट्रक्शनचे प्रमुख होते. सेऊलचे महापौर असताना त्यांनी शहराच्या मधला उड्डाणमार्ग पाडून खालचा चंगेचन ओढा जवळपास सहा किलोमीटर मोकळा केला, २००५ मध्ये पुरा. (गोदेच्या काँक्रीटवर वाद घालणाऱ्यांनी त्याचे फोटो जरूर बघावेत.) त्या जोरावर २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. घोषणा होती '७४७': सात टक्के वाढ, चाळीस हजार डॉलर दरडोई उत्पन्न, जगात सातवा क्रमांक. कंपनीच्या विक्रीचं टार्गेट असावं तशी. त्याच वर्षी जगभर मंदी आली आणि २००९ ची वाढ एक टक्क्याच्याही खाली राहिली. टार्गेट बाजारावर अवलंबून असतं हे कंपनीत भागधारक समजून घेतात. मतदार कशाला घेतील? पुढे डास नावाच्या सुट्या भागांच्या कंपनीची (नावाला हसू नका) खरी मालकी त्यांचीच, असं न्यायालयाने धरलं. अपहार आणि लाचेबद्दल १७ वर्षांची शिक्षा कायम झाली, २०२२ च्या अखेरीस माफी मिळाली.

थायलंडचे पंतप्रधान थाकसिन, मूळचे टेलिकॉमवाले, याच दगडाला ठेचकाळले. जानेवारी २००६ मध्ये कुटुंबाने आपल्या शिन कॉर्प कंपनीतला हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला ७३ अब्ज बाहतना विकला, भांडवली नफ्यावर कर शून्य. व्यवहार त्यांच्या कायद्यात बसत होता असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबरात लष्कराने सत्ता घेतली. तरी ३० बाहतमध्ये उपचाराची त्यांची योजना खेड्यापाड्यांत इतकी रुजली की नंतर ती कुणाला मोडता आली नाही. टीव्ही वाहिन्यांचे मालक आणि इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांच्यावर वेगळं लिहीत नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये इटलीच्या दहा वर्षांच्या रोख्यांचं व्याज सात टक्क्यांवर गेलं आणि ते गेले, एवढं पुरे.

आपल्याकडेही हे होऊन गेलंय. टाटांकडून आलेले जॉन मथाई नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून १९५० मध्ये अर्थमंत्रिपद सोडून गेले. नंतरचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी स्वतःचा उद्योग उभा केलेले. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले, त्या प्रकरणात छागला चौकशी आयोगानंतर १९५८ मध्ये त्यांना जावं लागलं. शेअर बाजार न कळणारा माणूस तिथे फसला असता तर नवल नव्हतं. हे तर त्यातले जाणकार.

उलटही लिहून ठेवतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर जगभर खाणी चालवलेले यशस्वी अभियंते. १९३० च्या वाढीव आयातशुल्कावर सही करू नका असं हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी सांगितलं, तरी केली. पुढचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचं टोप्या-शर्टांचं दुकान १९२२ मध्ये बुडालं, त्याची देणी वर्षानुवर्षं फेडत होते. युद्धानंतर युरोपला सावरणारी मार्शल योजना त्यांच्या काळातली.

निफाड_उन्हाळ

वरच्या लिखाणात गिऱ्हाईक राहिलं. कारखान्याला ते निवडता येतं. पेमेंट वेळेवर न देणाऱ्याला माल बंद करता येतो. सरकारचं गिऱ्हाईक म्हणजे लासलगावला कांद्याचा ट्रॅक्टर लावून उभा असलेला शेतकरी आणि दिल्लीत पिशवी घेऊन उभी असलेली बाई, दोघंही एकदमच. एकाला भाव चढा हवा, दुसरीला उतरलेला. आणि मत दोघांनाही एकेकच.

२०२३ घ्या. १९ ऑगस्टला कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि वर ४० टक्के शुल्क. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० वर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शून्य. दीड-पावणेदोन वर्षांत निदान पाच वेळा नियम फिरला.

व्यापारी सांगेल, स्वस्तात घ्या, साठवा, महागाईत विका, सोपंय. सरकारने हेही केलं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत २०२३-२४ मध्ये राखीव साठ्याचं उद्दिष्ट तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेलं. पण व्यापारी गुपचूप घेतो आणि गुपचूप विकतो. सरकारला खरेदीचा भाव जाहीर करावा लागतो, त्यावर इथे आंदोलन. दिल्लीत २५ रुपये किलोने विकायला काढला की तेही पेपरात, त्यावर इथे दुसरं आंदोलन. शिवाय उन्हाळ कांदा चाळीत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ठेवला तर वजन घटतं, सडतो, कोंब येतात. ती घट व्यापारी भावात आधीच धरतो. सरकारी साठ्यात ती घट दिसली की तिला घोटाळा म्हणतात, मग ती खरी असो वा नसो.

एक बारकावा, जो मंत्रालयात बसून दिसत नाही. निर्यातशुल्काचा दर कंटेनर बंदरात पोचला त्या तारखेचा धरत नाहीत. कस्टमचा अधिकारी माल चढवायला परवानगी देतो, लेट एक्सपोर्ट ऑर्डर, त्या तारखेचा दर लागतो. म्हणून १९ ऑगस्टच्या आधी न्हावाशेवाला पोचलेले, पण ऑर्डर न झालेले कंटेनर शुल्कात सापडले. सौदा जुन्या भावाने झालेला, फरक निर्यातदाराच्या अंगावर. परदेशातला घेणारा दोनदा वाट बघतो, तिसऱ्यांदा पाकिस्तानला फोन करतो. धंदा केलेल्या माणसाला हे एका झटक्यात कळतं, अधिसूचना काढणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. एवढ्यापुरता माझा कौल कारखानदाराला.

पाण्याचं मात्र उलट. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून सोडावं लागतं, मूळ तरतूद २००५ च्या कायद्यात. २०२३ ला गंगापूर, दारणा, मुळा, प्रवरा मिळून साडेआठ टीएमसीवर पाणी सोडायचा आदेश निघाला. इथे कुठला सौदा करणार? नाशिकची द्राक्षं आणि मराठवाड्याचं पिण्याचं पाणी यांना बाजारभाव लावून बघा म्हणावं.

गोदाकाठ

सातपूरवाले 'वकील आणि मास्तर' म्हणाले म्हणून. यशवंतराव चव्हाण वकील. चीनच्या युद्धात नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले तेव्हा खासदारच नव्हते. मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहात यावं लागतं, ७५ वं कलम. तेव्हा लोकसभेवर आपल्या नाशिकनेच त्यांना बिनविरोध पाठवलं. ओझरचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना आणि १९६४ ची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना त्यांच्या काळातली. १ सप्टेंबर १९६५ ला काश्मीरमधल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, हवाई दलप्रमुख विमानं वापरायची परवानगी मागायला आले, तेव्हा यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. विमान कुठलं उडवायचं, कसं उडवायचं, यात नाक खुपसलं नाही. ही सवय कुठे शिकतात ते मला सांगता येणार नाही, धंद्यातच शिकतात असं मात्र दिसत नाही.

अंबड_टूलरूम

बरंच हाती लागलं. आता उमेदवार 'मी यशस्वी उद्योजक' म्हणून मत मागतो, ते तपासायचं कसं तेवढं कुणी सांगा. बॅनरवर सगळेच यशस्वी.

छाननी_टेबल

उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं फॉर्म २६ चं शपथपत्र घ्या. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. लोक मालमत्तेचा एकूण आकडा बघून थांबतात, तो सर्वात निरुपयोगी. बघायचं ते सरकारशी असलेल्या करारांचं कोष्टक. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९-अ कलम उमेदवाराने स्वतःच्या धंद्यात सरकारशी केलेल्या, अजून चालू असलेल्या करारापुरतं आहे. काम पूर्ण करून नुसतं बिल अडकलं असेल तर अपात्रता लागत नाही. शपथपत्र मात्र पुढे जातं: पत्नी वा पती, अवलंबून असलेले, एकत्र कुटुंब, भागीदारी, आणि ज्यात हिस्सा आहे त्या खासगी कंपन्यांचेही करार लिहावे लागतात. तिथे 'निरंक' असेल तर कंपनीचं नाव घेऊन जुन्या निविदांचे निकाल चाळा.

मग कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. मूलभूत माहिती आणि कर्जाचे बोजे फुकट दिसतात. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र बघायला कंपनीमागे १०० रुपये फी. तीन वर्षांचे एओसी-४, म्हणजे ताळेबंद दाखल करायचे फॉर्म, उघडा. नफा दिसतो पण धंद्यातून आलेली रोख सलग उणे आहे का? संबंधित व्यक्तींशी व्यवहारांच्या टिपेत विक्री घरच्याच दुसऱ्या कंपनीला तर नाही ना? संभाव्य देण्यांत कुणासाठी हमी दिलीय?

आणि लेखापरीक्षकाच्या अहवालाची जोडणी. सगळ्याच छोट्या कंपन्यांना ती लागू नसते, पण असेल तर त्यात सहा महिन्यांहून जास्त थकलेली सरकारी देणी लिहिलेली असतात: भविष्यनिर्वाह निधी, ईएसआय, जीएसटी. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ भरलेला नसेल तर उलाढालीचा आकडा बघायची गरज नाही.

अंबड_टूलरूम

शंभर रुपये एकदाच की प्रत्येक कंपनीला?

छाननी_टेबल

प्रत्येक कंपनीला. म्हणून आधी संचालकाच्या डिन, म्हणजे संचालक ओळख, नंबरवरून तो किती कंपन्यांत आहे ते काढा. आजच्या यादीत नसलेल्या, राजीनामा दिलेल्या कंपन्या आधी उघडा.